एक रात्र की अकरा महिने?

कोल्हापुरात राहायला जागा दोनच मुदतींची मिळते. एका रात्रीची, नाहीतर अकरा महिन्यांची. एका रात्रीचा माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा उरकून पुण्याच्या रस्त्याला लागतो. अकरा महिन्यांचा माणूस डिपॉझिट देतो, पाण्याच्या वेळा पाठ करतो आणि वर्ष भरत आलं की मालकाला चुकवत जिना उतरतो. या दोघांच्या मधे तीन आठवडे राहणारा माणूस असू शकतो, हे आमच्या गावाच्या हिशेबातच नाही.

गाव म्हटलं, कारण आम्ही गावच म्हणतो. महानगरपालिका आहे, विमानतळ आहे, १९६२ पासून विद्यापीठ आहे. तरी जागा शोधायला निघालात की पहिला प्रश्न येतो, "कुणाची ओळख?"

तर झालं असं. आमच्या एका संस्थेनं मे महिन्यात मोडी लिपीचा उन्हाळी वर्ग ठरवला. कल्पना झकास. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांची रास आहे, आणि २०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला भावही बरा आलाय. नागपूर, लातूर, ठाणे, पुणे असे अठरा अर्ज आले. बैठकीत शिकवायचं कुणी, उद्घाटनाला बोलवायचं कुणाला आणि नारळ एक की दोन, यावर तब्बल दोन तास खल झाला. राहायच्या सोयीचा विषय उठता उठता निघाला. "कोल्हापुरात जागेला काय तोटा?" असं म्हणत अध्यक्षांनी चपला पायात सरकवल्या आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी निवृत्त, माझ्याकडं स्कूटर आणि माझी सासुरवाडी मंगळवार पेठेतली. एवढी पात्रता पुरते.

सुरुवात लॉजपासून केली. महाद्वार रोडच्या आसपास लॉजना काय कमी? एका काउंटरवर मॅनेजर वही उघडून बसला होता.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आठवडं? काय आजारी हाय का कोण?"

मी वर्गाचं सांगितलं. त्याला आनंद झाला. त्याच्या आज्याकडं म्हणे मोडीतली कागदं होती. "देऊ की ओ. पर सोमवार ते शुक्रवार. शनवार-रैवार खोल्या सोडायच्या. सुट्टीचं गिऱ्हाईक येतंय."

"आणि शनिवारी मुलं जातील कुठं?"

"जोतिबाला जाऊन येऊ देत की!"

म्हणजे अठरा जणांनी दर शनिवारी बोचकी बांधून वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा, गुलाल उधळायचा आणि सोमवारी परत यायचं. धार्मिक दृष्ट्या योजना निर्दोष होती. चैत्रातली मोठी यात्रा सरली की गर्दी ओसरते असा माझा समज होता. ती ओसरत नाही, फक्त सासनकाठ्या जातात आणि ट्रॅव्हलर गाड्या येतात.

मग वसतिगृहं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, मुलं गावाला, खोल्या ओस. सरळ गणित आहे की नाही? एका वसतिगृहाच्या ऑफिसात मी ते मांडलं. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी मला चहा पाजला.

"खोल्या आहेत," ते म्हणाले, "पण त्या रिकाम्या आहेत."

"म्हणूनच तर आलोय."

"नाही, रिकाम्या ठेवायच्या आहेत. रंगकाम आहे."

"कधी सुरू होणार?"

"मंजुरी आली की."

"मंजुरी कधी येणार?"

त्यांनी पंख्याकडं बघितलं. गॅलरीत कॉट एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या, सगळ्यात वरच्या कॉटवर मांजर झोपलं होतं. अख्ख्या इमारतीत तेवढीच एक ॲडमिशन झालेली. स्वयंपाकी गावाला, चाव्या शिपायाकडं आणि शिपाई मेव्हण्याच्या लग्नात.

परत येताना दसरा चौकात सिग्नलला थांबलो. समोर राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला जुनी बोर्डिंगं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. १९०१ साली मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क, आणि पुढं किती तरी. खेड्यातलं पोर शाळेत नाव घालेल हो, पण रात्री पाठ टेकणार कुठं, हे महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून फी माफ करून ते थांबले नाहीत, छप्परही दिलं. त्यांच्याच गावात मी मोडी शिकणाऱ्यांसाठी छप्पर मागत हिंडत होतो. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून मला इतिहासातून बाहेर काढलं.

राजारामपुरीत एक फ्लॅट रिकामा असल्याचं कळलं. मालक कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, टेबलावर फाइल आणि फाइलीवर स्केल. कायद्याचा माणूस.

"फॅमिली की बॅचलर?"

"विद्यार्थी आहेत."

"म्हणजे बॅचलर."

"त्यातले एक चौसष्ट वर्षांचे आहेत." हे खरं होतं. मोडीच्या वर्गाला निवृत्त मंडळी हमखास येतात. लातूरचे एक आजोबा होते.

"लग्न झालंय?"

"झालंय. दोन नातवंडं आहेत."

"मग बायकोला का आणत नाहीत?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ काढला. कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, तीन आठवड्यांचा असो की तीन वर्षांचा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. माणूस बरोबर बोलत होता, तेच तर दुखणं. वर्षाच्या आतला करार म्हणजे नोंदणीची कटकट नाही, या जुन्या समजुतीतून अकरा महिन्यांचा आकडा घरोघरी बसलाय. समजूत जुनी झाली तरी आकडा हलायला तयार नाही. म्हणून त्यांचा तोडगा असा: करार अकरा महिन्यांचा करायचा, डिपॉझिट अकरा महिन्यांच्या हिशेबानं द्यायचं, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची, नोंदणीला सगळ्यांनी अंगठे लावायचे, आणि तीन आठवड्यांनी सोडून जायचं.

लिहायला-वाचायला शिकायला येणाऱ्यांचे आधी अंगठे घ्यायचे, हे काही माझ्या मनाला पटेना.

त्यानंतरची ठिकाणं थोडक्यात सांगतो. एका मंगल कार्यालयानं हॉल देऊ केला, पण मे म्हणजे मुहूर्तांचा महिना. रात्री अकराला रिसेप्शन आवरणार, पहाटे सहाला पुढच्या पार्टीची हळद. मधले सात तास आमचे, वर जेवणाचा प्रश्न आपोआप मिटलेला. एका तालमीत मुलांना माडीवर झोपायची परवानगी मिळाली. वस्ताद म्हणाले, "खुशाल येऊ देत. फकस्त पहाटे चारला मातीत उतरायचं." लातूरच्या आजोबांना मी फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, चालेल. शेवटी मीच नको म्हटलं. आणि विद्यापीठाच्या बाजूला कॉट बेसिसवर खोल्या देणारे जे होते, त्यांच्या खोल्यांना कुलपं, आत नेहमीच्या पोरांच्या गाद्या, बादल्या आणि क्रिकेटच्या बॅटी. खोली धरून ठेवायला पोरं सुट्टीतही निम्मं भाडं भरतात. "खोली मोकळी न्हाई," मालकीणबाई म्हणाल्या, "पोरं न्हाईत नुसती."

घरी येऊन मी जाहीर केलं, की वर्ग रद्द. बायको भाजी निवडत होती. "मंगळवार पेठेत विचारलंस?"

"तिथं कोण देणार? वाडे ते."

"तू भाडं विचारत फिरतोस. पाहुणे म्हणून सांग."

बायको उठली, मावशीला फोन लावला आणि पाच मिनिटांत चार मुलींची सोय झाली. मावशी म्हणजे माझी मावससासू. वाड्याची माडी रिकामीच होती. भाड्याचं नाव काढल्यावर ती माझ्यावर अशी भडकली की मी रिसीव्हर लांब धरला. "पोरी काय लॉजवर आल्यात? मी दोन भाकरी जास्त टाकतो, झालं!" आमच्याकडं बायकाही 'टाकतो', 'करतो' म्हणतात. ठाण्याच्या मुलीला पहिल्या दिवशी वाटलं, मागं काका बोलताहेत.

उरले चौदा. ती सोय मात्र पाहुणचारानं झाली नाही, ट्रंकेनं केली.

मुली येऊन आठवडा झाला नसेल. एका संध्याकाळी मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. (तोवर बाकीचे चौदा जण कुठं झोपत होते ते विचारू नका. अध्यक्षांच्या घरचे माझ्याशी अजून बोलत नाहीत.) ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास, तळाला तांबड्या रुमालात बांधलेली कागदं. घड्यांवर विरलेला एक कागद काकांनी पाटावर पसरला. आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या आणि त्यांना अक्षरं लोंबकळत गेलेली, बोरूनं, हात न उचलता. शब्द कुठं संपतो, कुठं सुरू होतो याचा पत्ता नाही. नागपूरच्या मुलीनं बोट ठेवून ठेवून वाचलं, "शके... अठराशे... एकोणतीस."

काका ताठ बसले. पिढ्यानपिढ्या ही ट्रंक घरात होती आणि एकाही कागदातला एक शब्द कुणाला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ही बातमी पेठभर. पेठेत बातमी पसरवायला काही करावं लागत नाही, दूध आणायला गेलं की पुरतं. ज्यांच्या खोल्यांना कालपर्यंत वाळवी, पाहुणे, रंगकाम किंवा मुलाचं लग्न होतं, ते मला रस्त्यात गाठायला लागले. "सर, तुमची ती मोडीवाली पोरं... आमच्याकडं वरची खोली हाय की." प्रत्येकाकडं ट्रंक. कुणाला आजोबांची पाटीलकी शोधायची होती, कुणाला विहिरीतला हिस्सा. एकानं ताम्रपट म्हणून आणलं ते शाळेच्या घंटेचं बिल निघालं. पोरं अजून मुळाक्षरांवर होती, पण तेवढ्यावरही तांबडा-पांढरा मिळत होता. नागपूरची मुलगी पहिल्याच रात्री "आमच्याकडं याहून तिखट करतात" म्हणाली होती. कागद वाचता येतात म्हणून तिला माफी मिळाली, एरवी अवघड होतं. आणि लातूरच्या आजोबांना तर दोन घरांतून बोलावणं. वयस्क माणूस म्हणजे हमखास मोडी येत असणार, असा पेठेचा अंदाज. त्यांनी तो शेवटपर्यंत खोडून काढला नाही.

आठवडाभरात अठराही जणांची सोय झाली. करार नाही, अंगठा नाही, डिपॉझिट नाही.

भानगड झाली ती मावशीकडं. काकांचं आणि शेजारच्या भावकीचं घरांमधल्या बोळावरून पिढीजात भांडण. बोळ म्हणजे काय, एक सायकल कशीबशी जाते. पण 'तो आमचाच, कागदात आहे' हे काका लग्न झाल्यापासून मावशीला सांगत आलेले. मुलींच्या सरांनी येऊन शके अठराशे एकोणतीसचा तो कागद नीट लावला. माडीवर सगळे जमलेले, खिडकीला शेजारच्यांचे कान. कागद निघाला गहाणखत. काकांच्या पणजोबांनी शेजारच्यांच्या पणजोबांकडून चाळीस रुपये घेतले आणि त्यापायी बोळ गहाण ठेवला.

"फेडल्याचं लिवलंय का?" काकांनी विचारलं.

"या कागदात नाही. ते झालं असेल तर वेगळी पावती असणार."

"कुठं असंल?"

सरांनी काही न बोलता खिडकीकडं बघितलं.

तासाभरात शेजारचे दादा स्वतः दारात. काकांकडं न बघता मुलींना म्हणाले, "पोरींनो, आमच्याकडं या राहायला. खोलीत कूलर हाय. आमची बी ट्रंक हाय, मोठी हाय यांच्यापेक्षा."

काकांचा चेहरा लालबुंद. मुली मावशीकडं बघायला लागल्या. मावशीनं चुलीवरचं भगुणं उतरवलं, हात पुसले आणि चौघींच्या बॅगा स्वतः जिन्यापाशी आणून ठेवल्या.

"जावा," ती म्हणाली. "झोपायला तिकडं, जेवायला इकडं. आणि ट्रंकेत काय निघालं ते आधी मला सांगायचं, यांना नको."