बटण दाबल्यानंतरचं सगळं

फोटो काढण्याचा छंद तसा निरुपद्रवी आहे. माणूस कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात नसतो. उपद्रव सुरू होतो तो काढलेले फोटो नेमाने लोकांना दाखवायचं मनावर घेतलं की. मी घेतलं. दर रविवारी सकाळी एक फोटो, खाली चार ओळी, आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना रवाना. कुणी मागितला नव्हता, हे खरं. पण नेम आपण धरतो असं आपल्याला नुसतं वाटतं. शनिवारी रात्री कळतं, की त्यानेच आपल्याला धरलंय.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तेव्हा त्याची जाहिरात होती, ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो.’ आत शंभर फोटोंची फिल्म भरलेलीच असायची. ती संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. फोटो छापून, नवी फिल्म भरून तो परत यायचा. तेव्हापासून विज्ञानाने एवढी मजल मारली, की समोरचा हसला म्हणजे आपण होऊन फोटो काढणारे कॅमेरेही आले. बटण दाबायचंही काम उरलं नाही. ‘बाकीचं’ मात्र सगळं माझ्या गळ्यात.

चतुराचंच घ्या. हा किडा उडाला तरी फिरून बहुधा त्याच काडीवर येऊन बसतो. त्यामुळे त्याचा फोटो काढायची रीत सोपी: काडीवर फोकस धरायचा आणि वाट बघायची. पोटावर आडवं पडून, कोपर चिखलात, श्वास रोखून. चतुर येतो, कॅमेरा सेकंदाला दहाच्या वेगाने खडखडतो, चतुर जातो. मधल्या वेळात रस्त्याने जाणारा एखादा भला माणूस थांबून विचारतो, “काही हरवलंय का?” मान न हलवता “नाही” म्हटलं, तर तो जात नाही, आणखी एकाला थांबवतो. “चक्कर आली असेल,” असं ते माझ्या डोक्यावर उभे राहून आपसात बोलतात. चतुर तोवर समोर येऊन बसलेला असतो आणि त्यांच्या सावलीने उठतो.

घरी येऊन पडद्यावर बघावं, तर तोच चतुर, तीच काडी, शेकड्याने. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसची पट्टी जेमतेम काही मिलिमीटरची असते. त्यामुळे एकात डोळ्यांवरची जाळी लख्ख, पण शेपटीचं टोक धुरकट. दुसऱ्यात शेपूट टोकापर्यंत स्वच्छ आणि डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी ठिपके. तिसऱ्यात सगळं जमलंय, फक्त चतुर नाही. काडी मात्र अप्रतिम आलीय.

गाळता गाळता शेवटी दोन उरतात. मग मी बायकोला हाक मारतो.

“यातला कुठला?”

“दोन्ही एकच आहेत.”

“नीट बघ. डाव्यातल्या पंखावरचा उजेड बघ.”

ती उजेड बघते. “मग डावा.”

“पण उजव्यात त्याचे पाय किती छान आलेत!”

“अहो, मग मला विचारता कशाला?”

फिल्मच्या दिवसांत रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि प्रत्येकाचा हिशोब लागायचा, म्हणून लोक बटण दाबायच्या आधी विचार करत. तो सगळा विचार आता नंतर, म्हणजे झोपायच्या वेळी करावा लागतो. १९७५ साली स्टीव्हन सॅसनने कोडॅकमध्येच जो पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. त्याच वेगावर भागवलं असतं तर माझे शनिवार वाचले असते.

एवढं करून फोटो निवडायचा, त्याचा काळोख किंचित उजळायचा, उजेड किंचित दाबायचा, क्षितिज सरळ करायचं. मग २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा, हा ऐवज लोक बघणार कशावर, तर फोनवर. ज्या पडद्याला आपण ‘फुल एचडी’ म्हणतो त्यात १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २१ लाख ठिपके मावतात. म्हणजे बारा आण्यांच्याही पुढचा माल वाटेतच गळतो. उरलेला बघून लोक अंगठा दाखवतात. अंगठ्यावर अंगठा, की पुढे. आमची आत्या तेवढी लिहून कळवते. तिचं म्हणणं दर वेळी एकच असतं: “फोटो छान. पण यात तू कुठे आहेस?” आत्याचा मुद्दा बिनतोड आहे. घरातल्या कुठल्याही समारंभाच्या अल्बममध्ये मी नाही. पुढच्या पिढीला वाटेल, मी घर सोडून गेलो होतो.

समारंभाचं निमंत्रणही मला आता ‘येताना कॅमेरा आणशील ना?’ असंच येतं. फॉर्मवर डकवायचे फोटो काढायला शेजारीपाजारी येतात ते वेगळेच. पांढरी भिंत आमच्या घरात असल्याचं सगळ्यांना ठाऊक झालंय.

फायदे नाहीत असं नाही. आहेत, आणि तेच माणसाला सोडत नाहीत. पहिला फायदा उजेडाचा. आभाळ भरून आलं की लोक हळहळतात. मला आनंद होतो, कारण ढग उन्हाला चाळून, पसरून खाली सोडतात आणि चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. भर दुपारी जो माणूस मला दहा वर्षांनी मोठा वाटला, तोच खिडकीशेजारी बसला की राजबिंडा दिसतो. (त्याला हे सांगू नये. मी सांगून बघितलं आहे.)

दुसरा फायदा त्या चार ओळींचा. फोटोखाली काय आहे ते लिहावं लागतं, म्हणून काय आहे ते शोधावं लागतं. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर, आणि पंख मिटून पाठीवर घेते ती बारीक अंगाची टाचणी, हे ज्ञान मला ऐन मध्यरात्री झालं. ते करून घेणं भाग होतं, कारण माझ्या यादीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. फोटो बरोबर असला की ते गप्प. नावात काना-मात्रेचा फरक पडला, की रविवारी सात वाजायच्या आत त्यांचा फोन.

तिसरा फायदा घरच्यांनी काढला. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ, शटरचा वेग अशी सगळी जन्मकुंडली नोंदलेली असते. त्यामुळे पाहुणे कधी येऊन गेले, कूलर कधी बिघडला, या वादांचा निकाल आमच्याकडे झटपट लागतो. अडचण एवढीच, की ती कुंडली बायकोलाही वाचता येते. “मीटिंग लांबली म्हणालात त्या दिवशीचाच ना हा सूर्यास्त?” या प्रश्नाला शटरचा वेग सांगून भागत नाही.

मध्यंतरी तिला मी व्हिव्हियन मायरची गोष्ट सांगितली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी ही बाई वर्षानुवर्षं रस्त्यावर फोटो काढत राहिली. लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवली, कित्येक रोल तर धुऊनही घेतले नव्हते, आणि दाखवले जवळजवळ कुणालाच नाहीत. भाडं थकलं म्हणून तिचं गोदामातलं सामान २००७ मध्ये लिलावात निघालं, तेव्हा ते उजेडात आले. ती २००९ मध्ये गेली. कीर्ती मिळाली ती त्यानंतर. गोष्ट संपेपर्यंत माझा आवाज जड झाला होता. बायको म्हणाली, “म्हणजे कुणाला न दाखवताही फोटो काढता येतात तर!”

पुढच्या आठवड्यात मला सडकून ताप आला आणि रविवार कोरा गेला. दिवसभर मी फोन उशाशी ठेवून पडलो होतो. कुणी चौकशी केली नाही, आत्यानेसुद्धा नाही. मंगळवारी मात्र त्या गृहस्थांचा फोन आला.

“रविवारी काही आलं नाही तुमचं. तब्येत बरी आहे ना?”

मला भरून आलं. ताप होता म्हणालो, आता उतरलाय.

“मग ठीक,” ते म्हणाले. “त्याच्या आधीच्या रविवारचं सांगायचं राहिलं होतं. कागद-पेन आहे का जवळ?”