स्क्रीन पिवळी दिसली म्हणून प्रोफाइल उडवायची घाई नको

फोटो एडिट करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: कॅलिब्रेशननंतर (स्क्रीनचे रंग उपकरणानं मोजून दुरुस्त केल्यावर) स्क्रीन पिवळट दिसली, तर कॅलिब्रेटर, म्हणजे ते मोजणारं उपकरण, बिघडलाय. प्रोफाइल (कॅलिब्रेशनमधून तयार झालेली रंगांची फाइल) काढा, पांढरा रंग कागदाशी जुळेपर्यंत मॉनिटरचे लाल-हिरवे-निळे स्लायडर फिरवा, नाहीतर त्याच मॉडेलची दुसऱ्याची प्रोफाइल टाका.

‘पिवळट दिसते.’ कशाच्या तुलनेत? बरेच मॉनिटर मुळात निळसर पांढऱ्यावर लावलेले असतात. एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंग-मानकाचा पांढरा म्हणजे डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा ठरवून दिलेला पांढरा), सुमारे ६५०० केल्विन. निळ्याला सरावलेल्या डोळ्यांना तो सुरुवातीला पिवळाच वाटणार. काही वेळ काम करा, मग ठरवा. त्याआधी नाइट लाइट, ट्रू टोन असलं स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारं काही चालू राहिलंय का तेही बघा.

‘कॅलिब्रेटर बिघडलाय.’ क्वचित तसं असतंही. पण कलरीमीटरचे (फिल्टरमधून रंग मोजणाऱ्या कॅलिब्रेटरचे) फिल्टर माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) प्रकार निवडावा लागतो. वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणाऱ्या) पॅनेलला साधा व्हाइट एलईडी निवडला, तर मोजमापच चुकतं आणि पांढऱ्यावर हिरवी किंवा गुलाबी झाक येऊ शकते. उपकरण टाकून देण्याआधी तो मेनू बघा, आणि मॉनिटर अर्धा तास तापल्यावर पुन्हा मोजा.

‘प्रोफाइल काढा.’ इथे खरा गोंधळ आहे. त्या एका फाइलमध्ये सहसा दोन गोष्टी असतात: ग्राफिक्स कार्डात चढणारे दुरुस्तीचे कर्व्ह, आणि मॉनिटर रंग कसे दाखवतो याचं वर्णन. राखाडी पट्ट्यांचं चित्र उघडा. झाक डेस्कटॉपसकट सगळीकडे असेल, तर दोष कर्व्हमध्ये किंवा मॉनिटरच्या सेटिंगमध्ये. फक्त फोटोशॉपमध्ये किंवा एखाद्याच व्ह्यूअरमध्ये असेल, तर वर्णनात किंवा त्या प्रोग्रॅममध्ये. झाक फक्त गडद भागात असेल, तर पांढऱ्याची दुरुस्ती शक्यतो मॉनिटरच्या बटणांवर करून घ्या आणि कर्व्हवरचा भार कमी करा. (‘बघा किती हिरवं दिसतंय’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांसाठी: कार्डातले कर्व्ह स्क्रीनशॉटमध्ये येतच नाहीत.) प्रोफाइल नुसती उडवली, तर फोटोशॉपला तुमचा मॉनिटर कसा आहे हेच कळत नाही. झाक गेल्यासारखी वाटेल, फोटोचे रंग मात्र चुकत राहतील.

‘कागदाशी जुळवा.’ कोणत्या दिव्याखालच्या? कागदाचा पांढरेपणा त्यावर पडणाऱ्या उजेडाचा असतो. छपाईशी तुलना करायची तर डी५० हा ठरवून दिलेला उजेड हवा. आयएसओ ३६६४ हे मानक त्यासाठीच आहे. शिवाय स्लायडर फिरवून ‘६५०० के’ आकडा आला म्हणून खूश होऊ नका. केल्विन निळ्या-पिवळ्याच्या दिशेनंच बोलतो. तोच आकडा ठेवून पांढरा हिरवट किंवा जांभळट असू शकतो. डी६५ पांढऱ्याची नेमकी जागा सांगणारे एक्स ०.३१२७, वाय ०.३२९० हे दोन्ही आकडे बघा.

‘दुसऱ्याची प्रोफाइल टाका.’ ती त्याच्या पॅनेलची, त्याच्या सेटिंगची, त्याच्या पॅनेलच्या वयाची. सोडून द्या.

डोळ्यांना कौल द्यायची एक जागा मात्र आहे. शेजारी ठेवलेले वेगळ्या बॅकलाइटचे दोन मॉनिटर नीट मोजूनही वेगळे दिसू शकतात, कारण मोजमाप १९३१ च्या प्रमाण-निरीक्षकावर (सरासरी डोळ्यासाठी ठरवलेल्या मापावर) आधारलेलं आहे आणि प्रत्येकाचा डोळा त्याबरहुकूम नसतो. अशा वेळी मुख्य मॉनिटर मोजून पक्का करा, दुसऱ्याचा पांढरा डोळ्यांनी त्याच्याशी जुळवा, तो मोजा आणि तेच आकडे लक्ष्य म्हणून देऊन दुसरा मॉनिटर पुन्हा कॅलिब्रेट करा.