टीव्हीवाले गोव्याचे वैरी? एका फॉरवर्डला उत्तर

इंडियन सुपर लीगमधला आपला फुटबॉल संघ एफसी गोवा हरला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. कधी मराठीत, कधी कोकणीत, कधी रोमी लिपीत. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. टीव्हीवरचे समालोचक गोव्याच्या विरोधात आहेत. कोलकाता, केरळ आणि मुंबईची तारीफ करायचे त्यांना पैसे मिळतात. आपल्या गोलला ते ओरडत नाहीत. आपल्या पोरांची नावे धड घेत नाहीत. त्यांच्या बडबडीने रेफ्रीवर दडपण येते. पूर्वीचे गोरे समालोचक कसे निःपक्षपाती असायचे! आणि शेवटी उपाय: टीव्हीचा आवाज बंद करा आणि सामना बघा. फोंड्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपपासून डिचोलीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे हा मजकूर पोचलेला आहे, आणि खाली नारिंगी हृदयांची रांग.

यातले एक-दोन मुद्दे अर्धे खरे आहेत, म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटते. पूर्ण खोट्याला उत्तर देत बसायला कुणाला वेळ आहे?

पैशांपासून सुरुवात करू. आरोप असा की लीग चालवणारे मोठ्या शहरांच्या संघांसाठी समालोचक विकत घेतात. आता, लीग आणि वाहिनी यांच्यात अंतर नव्हते हे खरेच. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा रिलायन्स आणि क्रीडा व्यवस्थापन करणारी आयएमजी यांच्याबरोबर स्टार इंडियाही आयोजकांत होती आणि सामने दाखवणारीही तीच. पुढे २०२३ मध्ये प्रसारणाचे हक्क व्हायकॉम १८ कडे गेले, म्हणजे पुन्हा रिलायन्सच्याच घरात. दुकानदारानेच मालाचे परीक्षण लिहावे असा हा प्रकार. त्यामुळे समालोचक लीगबद्दल वाईट बोलत नसे. गॅलऱ्या ओस पडलेल्या असल्या तरी त्यावर शब्द नसायचा, रेफ्रीने ढळढळीत चूक केली तरी ‘कठीण निर्णय होता’ एवढ्यावर भागवायचे. हा पक्षपात होताच. पण तो लीगच्या बाजूचा. त्यातून गोव्याचा वेगळा तोटा कसा होतो ते फॉरवर्डवाल्याने सांगितलेले नाही. आणि ज्या लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या निविदेला नोव्हेंबर २०२५ मध्ये एकही बोली आली नाही, तिथे गोव्याला नावे ठेवण्यासाठी कुणी वेगळे पाकीट बाजूला काढून ठेवत असेल, तर त्या माणसाचे अर्थखाते धन्य.

मोठ्या शहरांकडे कल असतो का? असतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, केरळची ३ कोटी ३४ लाख, पश्चिम बंगालची ९ कोटींहून जास्त. जाहिरातदार हे आकडे बघतो. बंगाली आणि मल्याळम समालोचन मिळत आले, कोकणीला किंवा मराठीला ती जागा नाही, याचे कारण हेच. पण ज्या काळात गोव्याला मोठे नाव जोडलेले होते, त्या काळात आपणही या व्यवहाराचे लाभार्थी होतो, हे फॉरवर्डमध्ये का नाही? पहिल्या हंगामात प्रशिक्षक ब्राझीलचे झिको, सहमालक विराट कोहली. कोहली मडगावच्या फातोर्डा मैदानाच्या गॅलरीत आला की कॅमेरा खेळ सोडून त्याच्याकडे वळायचा आणि समालोचकही कोहलीवर बोलायला लागायचा. तेव्हा कुणी तक्रारीचा मजकूर पाठवला नव्हता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण अर्धा राग तिथेच चुकीच्या माणसावर निघतो. पडद्यावर काय दिसावे हे समालोचक ठरवत नाही. ते ठरवतो दिग्दर्शक, बाहेर उभ्या असलेल्या प्रसारणाच्या गाडीत, भिंतभर मॉनिटरसमोर बसलेला. कुठला फाउल तीनदा दाखवायचा, कुठला एकदाही नाही, ऑफसाइडची ओळ कुठल्या कोनातून, बाकावर चिडलेला कुठला प्रशिक्षक, हे सगळे त्याच्या हातात. समालोचकाच्या कानात निर्मात्याचा आवाज चालू असतो: आता पुढच्या सामन्याची जाहिरात वाच, आता पुरस्कर्त्याचे नाव घे. आणि कित्येकदा तो मैदानावर नसतोच. स्टुडिओत बसून, आपण बघतो तेच चित्र बघून बोलत असतो. चेंडूपासून दूर, उजव्या बगलेवर गोव्याचा बॅक कसा मोकळा धावला हे त्याला दिसणारच नाही, कारण कॅमेऱ्याने ते दाखवलेले नसते. फातोर्ड्याच्या पूर्व गॅलरीत बसलेल्या माणसाला सामना जास्त कळतो तो यामुळे. आपल्या फाउलचा रिप्ले तीनदा आला की समालोचकाला तीनदा त्यावर बोलावेच लागते, आणि घरात आपण म्हणतो, ‘बघ, पाठ सोडत नाही.’

‘गोव्याच्या गोलला ओरडत नाहीत’ हा मुद्दा सगळ्यांत लाडका. आवाज चढतो तो मिनिटाप्रमाणे आणि गुणफलकाप्रमाणे. चौदाव्या मिनिटाचा गोल आणि नव्वदाव्या मिनिटाचा गोल एकाच पट्टीत सांगणारा समालोचक नोकरीवर राहणार नाही. आपले दुखणे असे की आपल्या वाट्याला आलेले मोठे शेवटचे क्षण बहुतेक दुसऱ्यांचे आहेत. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ असे पुढे नेले. मग नव्वदीत आपलाच गोलरक्षक कट्टीमणीकडून स्वयंगोल, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाचा गोल. चेन्नईयिन ३-२. २०१९ चा अंतिम सामना, मुंबईत: जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेचे हेडर, बंगळुरू १-०. असे गोल कुणी शांतपणे सांगावेत अशी अपेक्षा आहे? त्या किंकाळ्या आपल्या कानात राहिल्या आहेत, कारण त्या क्षणी आपण गप्प झालो होतो.

उलट प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी घडवलेल्या संघाचे सामने आठवा. आपला स्पॅनिश आघाडीपटू कोरोमिनासने २०१७-१८ मध्ये १८ आणि पुढच्या हंगामात १६ गोल केले, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. २०१९-२० मध्ये १८ साखळी सामन्यांत ४६ गोल, १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरमध्ये ५-० आणि साखळीत अव्वल येणाऱ्याची लीग शील्ड. देशात सगळ्यांत देखणा फुटबॉल गोवा खेळतो, हे वाक्य त्या वर्षांत समालोचकांनी इतके घासले की कंटाळा यावा. दुसऱ्या राज्यांतल्या समर्थकांना तेव्हा तेही पक्षपाती वाटले असणार.

हे केवळ अंदाजाने म्हणत नाही. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा फार धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आला: डार्टमथच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. फिल्म एकच होती, फरक बघणाऱ्यांत होता.

‘मुंबईची तारीफ’ ही तक्रार तर मजेशीर आहे. २०२० मध्ये मुंबई सिटीने लोबेरांना नेले, त्यांच्यामागून गोव्याचे खेळाडू जाहू, बुमूस, फाल आणि आपला मंदार राव देसाईही गेला. १३ मार्च २०२१ ला मुंबईने अंतिम सामना जिंकला तोही फातोर्ड्याला, रिकाम्या गॅलऱ्यांपुढे. त्या हंगामात मुंबईचे जे कौतुक झाले त्यातले निम्मे मडगावात शिजलेल्या खेळाचे होते. मोहन बागानचे गोडवे गातात म्हणून आपण चिडतो तेव्हा चेंडू बऱ्याचदा लिस्टन कोलासोच्या पायात असतो. दवर्लीचा पोरगा.

त्याच्याच आडनावावरून नावांच्या मुद्द्याकडे येऊ, कारण इथे फॉरवर्डवाल्याचे बरोबर आहे. ‘कोलाको’ ऐकले की माझेही दात शिवशिवतात. पण मणिपुरी, मिझो नावांचे जे हाल होतात त्यापुढे आपले काहीच नाही. हा आळस आहे, वैर नव्हे. सामन्याच्या आदल्या दिवशी क्लबच्या माणसाला फोन करून चार नावे विचारून घेणे एवढेच काम असते. दिल्लीचे समालोचक नोवी कपाडिया २०२१ मध्ये गेले; भारतीय फुटबॉलचा चालताबोलता कोश होता तो माणूस. ते गोव्याचे नव्हते, पण धेंपो आणि साळगावकर हे गोव्याचे जुने क्लब त्यांच्यासाठी नुसती जर्सीवरची नावे नव्हती. म्हणजे बाहेरच्याला हे जमू शकते. न जमवणाऱ्याला जाब विचारावा, जरूर विचारावा. फक्त त्याला कारस्थान म्हणू नये.

रेफ्रीवर दडपण? रेफ्रीच्या कानातली तार साहाय्यक रेफ्री आणि चौथ्या अधिकाऱ्यापर्यंत जाते, टीव्हीपर्यंत नाही. आपल्या लीगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची पद्धत) नव्हते, म्हणजे मैदानावर रिप्ले पाहायचीही सोय नव्हती. घरबसल्या आपल्याला दिसणारी चूक त्याला दिसत नाही, एवढेच. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर केरळा ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, चार कोटींचा दंड झाला. तिथला राग रेफ्रीवर होता, समालोचकावर नव्हता. त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सरळ.

राहिले जुने गोरे समालोचक. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह टिल्डस्ली १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यापासून मँचेस्टर युनायटेडचे म्हणून बोल खातात. मार्टिन टायलर यांना निरनिराळ्या क्लबांच्या समर्थकांनी वर्षानुवर्षे विरोधी गोटात ढकलले. ते स्वतः वोकिंग नावाच्या छोट्या क्लबचे चाहते. आणि इतिहासातले सगळ्यांत गाजलेले समालोचन तर उघडउघड एकतर्फी आहे. २२ जून १९८६, अझ्टेका स्टेडियम, मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल. रेडिओवर व्हिक्टर ह्यूगो मोरालेस यांनी रडावेसे वाटते म्हणत देवाचे आभार मानले. गंमत म्हणजे मोरालेस मूळचे उरुग्वेचे. त्यांना कुणी पक्षपाती म्हटले नाही, कारण रेडिओ अर्जेंटिनाचा आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. गावच्या स्पर्धेत माइक धरणारा आपल्या वाड्याच्या संघाला चढवतो तेव्हा आपण हसतो, ते याच कारणाने.

मग समालोचनात पक्षपात नाहीच का? आहे, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ता नाही. तो विशेषणांत आहे. २०२० मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेबरोबर युरोपातल्या चार लीगमधल्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन तपासले. बुद्धीबद्दलच्या कौतुकापैकी ६२ टक्क्यांहून अधिक उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला आले होते. ताकदीबद्दल बोलायचे झाले तर खेळाडू काळसर असण्याची शक्यता साडेसहा पट. यातल्या कुठल्याही समालोचकाने मुद्दाम काही केले नसेल. शब्द तोंडात आयते येऊन बसतात.

आपल्याकडचे ऐका. ईशान्येचा खेळाडू असला की ‘वेग’ आणि ‘न थकणारा’. पंजाबचा असला की ‘दणकट’. गोव्याचा असला की ‘नजाकत’, ‘उपजत कला’, आणि बोलणारा रंगात असेल तर पोर्तुगीज रक्तापर्यंत मजल. आपण खूश होतो. पण ब्रँडन फर्नांडिस पोरसवदा वयात दक्षिण आफ्रिकेतल्या अकादमीत घासून शिकला; त्याच्या पासला उपजत म्हटले की ती मेहनत पुसली जाते. गोव्याचा बचावपटू सामना वाचतो, गोव्याचा मिडफिल्डर बारा किलोमीटर धावतो, असे वाक्य तुम्ही शेवटचे कधी ऐकलेत? यावर रागवायला हवे होते, आणि आपण त्याखाली टाळ्या पाठवतो.

दुसरा कल मोठ्या नावाकडे, आणि त्यात आपणही सामील. २२ ऑक्टोबर २०२५ ला सौदी अरेबियाचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ, फातोर्ड्याला आला आणि २-१ ने जिंकून गेला. रोनाल्डो आलाच नव्हता. आपल्या ब्रायसन फर्नांडिसने अल नस्रविरुद्ध गोल केला, आणि तरी पुढचे आठ दिवस बाजारात, बसमध्ये, चहाच्या दुकानात चर्चा कोणाची? न आलेल्या माणसाची. त्याला टीव्हीवाल्यांनी भाग पाडले नव्हते.

आवाज बंद करण्याचा उपाय ज्याला करायचा त्याने करावा. त्यात गॅलरीतले ढोल आणि ‘फोर्सा गोवा’ची घोषणासुद्धा बंद होते. त्यापेक्षा वाहिनीकडे कोकणी समालोचन मागू या. ते मिळाले तर तटस्थ असावे असा माझा आग्रह नाही. चांगले एकतर्फी असू दे, फक्त पोरांची नावे नीट घ्या.