विम्याच्या अर्जात खरं कशाला लिहायचं?

गाडीचा विमा काढताना अर्जात एक आगाऊ प्रश्न हमखास असतो: 'यापूर्वी कोणत्याही कंपनीने आपली पॉलिसी रद्द केली आहे का, किंवा नूतनीकरण नाकारले आहे का?' तिथं बिनधास्त 'नाही' करा. नसत्या चौकश्या!

प्रीमियमचा चेक बाउन्स झाला म्हणून पॉलिसी रद्द झाली, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं, फार तर कंपनीनं चार कागद जास्त मागितले असते, हे मान्य. पण सोसायटीच्या सभेत शेजाऱ्याची स्कूटर पिवळ्या पट्ट्याबाहेर सहा इंच होती हे फोटोसकट मांडणं वेगळं आणि स्वतःबद्दल खरं लिहिणं वेगळं. पुणेकराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

एजंटही आपल्याच बाजूचा असतो. मोबाइलवर अर्ज भरताना तो सगळ्या प्रश्नांना धडाधड 'नाही' देत जातो. ''काका, ओटीपी आला का? सांगा पटकन.'' तुम्ही सांगता. 'वरील सर्व माहिती सत्य आहे' हे वाक्य त्या आकड्यांसरशी तुमच्या नावावर जमा होतं. त्याच्या नव्हे.

एवढं केलंच आहे तर नो क्लेम बोनसही मागून टाका. सलग पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याला ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट असते. तुम्ही दिवाळीआधी बंपर क्लेममध्ये बदलून घेतला असेल, तर त्याला काय क्लेम म्हणायचं? नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करू शकते खरी, पण एजंट म्हणतो, ''कोण बघतंय?''

प्रीमियम घेताना खरंच कोणी बघत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तसं तुमच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि क्लेमचा आकडा मोठा झाला, की बघतात. सर्व्हेअर चिखलानं भरलेल्या सीटचे फोटो काढतो, इंजिनात पाणी गेलंय का ते पाहतो, आणि तिकडे कचेरीत कोणीतरी तुमची जुनी फाइल काढतं. मग पत्र येतं, मोठं सभ्य: 'महत्त्वाची माहिती दडविल्यामुळे आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.'

डगमगू नका. ग्राहकावरील अन्याय या विषयावर कंपनीला तीनपानी तक्रार लिहा, तेवढं आपल्याला जमतंच. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथं फी लागत नाही. कंपनी उत्तरादाखल फक्त एक कागद जोडेल, तुमचाच अर्ज. लोकपालांचं कार्यालय नारायण पेठेत आहे. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणतात, पण तो प्रश्न तुम्हाला येणार नाही.