शिळं पाणी

पुण्याहून लेकीनं एक वही पाठवली. जाड पुठ्ठ्याची, पिवळसर पानांची, मधोमध लाल रेशमी दोरी. वहीपाठोपाठ फोनवर हुकूम आला, "पप्पा, रोज झोपायच्या आधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. ज्यांच्याबद्दल आपल्याला कृतज्ञ वाटतं अशा. बीपीला बरं असतं."

मी लातूरचा माणूस. कृतज्ञता हा शब्द आजवर एकदाच कानावर पडला होता, माझ्याच निरोपसमारंभात, आणि तोही साहेबांनी 'कृतघ्नता' असा वाचला होता. तरी पोरीनं कुरिअरला पैसे घातले म्हणून चष्मा लावून बसलो.

लिहिलं : १. आज नळ आला नाही. २. त्यामुळे झोप झाली. तिसरी गोष्ट काही सुचेना. घरात विचारलं. ही ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा की, ड्रममध्ये आजून दीड वीत पाणी हाय."

लिहिलं.

आमच्याकडं पाणी येतं असं कुणी म्हणत नाही. नळ येतो. पाहुणा यावा, यष्टी यावी, तसा. आमच्या गल्लीत या उन्हाळ्यात तो दहाव्या दिवशी येतोय, बहुधा रात्री, आणि तासभर टेकून जातो. मधल्या नऊ दिवसांत घरातलं पाणी एकदाच वापरून सांडलं तर ती उधळपट्टी. भाजी धुतलेलं पाणी जास्वंदीला. कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. पिण्याला वीस लिटरचा जार विकत. पाहुण्यांना आम्ही आधी चहा विचारतो, कारण चहाला अर्धा कप पाणी पुरतं आणि तांब्याभर पाणी दिलं की माणूस अर्धा तांब्या उष्टा ठेवून जातो. तो अर्धा तांब्याही जास्वंदीलाच जातो. या घरात सगळ्यात सुखी कोण असेल तर ती जास्वंद.

आणि मग ड्रम. निळा, दोनशे लिटरचा, दोन्ही बाजूंनी कान असलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात गंजगोलाईतून आणला. आधी त्यात कसलंतरी रसायन असावं, कारण पुढं महिनाभर आमच्या अंगाला गोडसर वास येत होता. त्या वर्षी मांजरा धरण तळाला गेलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी बघायला गेलो होतो. जन्मभर जनरलच्या डब्यात उभं राहून प्रवास केलेला मी, पाण्याला सबंध गाडी रिझर्व्ह मिळालेली बघून टाळ्या वाजवून आलो. घरी येऊन हिशेब केला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढं, म्हणजे माणशी सव्वा लिटर. हिला सांगितलं तर म्हणाली, "मंग ताटं धुऊ का नको, त्येवढं बोला." पुढं वाघिणी पन्नास झाल्या, फेऱ्या वाढल्या, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरेला पूर आला. ड्रम मात्र घरातच राहिला. त्याला परत पाठवायचा विषय कुणी काढला नाही.

या ड्रमवरून आमच्या संसारातलं एकमेव तात्त्विक भांडण आहे. दहा दिवसांच्या पाण्यावर हिरवट साय येते, तळाला वळवळे दिसतात. ते शिळं पाणी ओतून, ड्रम घासून, मगच ताजं भरायचं. पण ओतायचं कधी? माझं म्हणणं, नळाचा आवाज आला की. हिचं म्हणणं, "तवा घासायचं का भरायचं? तासाभराचं पाणी!" म्हणून दहाव्या दिवशी संध्याकाळी, वॉलमनचा पत्ता नसताना, ही ड्रम आडवा करते. मी यष्टीचं जुनं तिकीटसुद्धा टाकत नाही. माझ्या डोळ्यांदेखत वीतभर पाणी जास्वंदीखाली जातं, आणि रात्रीचा नळ आला नाही तर आम्ही दोघं आणि ठणठणीत घासलेला ड्रम.

वॉलमनबद्दल बोलायला पाहिजे. सायकलच्या दांडीला लोखंडी किल्ली बांधून येणारा हा माणूस मुंडी किती आटे फिरवतो यावर गल्लीचं सुखदुःख. त्याला चहा कुणी पाजायचा यावर दोन घरांत अबोला आहे. मी त्याला 'साहेब' म्हणतो. नोकरीतल्या साहेबांना म्हणायचो त्यापेक्षा जास्त मनापासून.

गेल्या खेपेला रात्री पावणेतीनला तो आला. "नळ आलेऽऽ" अशी हाळी गल्लीच्या तोंडाशी उठली. आमची तोटी अंगणातल्या गुडघाभर खड्ड्यात आहे, पाणी चढत नाही म्हणून तोटीच खाली उतरवलेली. मी खड्ड्यात उतरलो, तोटी सोडली. फुस्स. नुसती हवा. समोरच्या गुत्तेदारांनी मोटर लावली होती. त्यांची नवी दोन मजली इमारत, वरची टाकी, खाली एक हॉर्सपॉवर. मोटर घूंऽ करत गल्लीच्या पाइपातलं पाणी ओढत होती आणि पलीकडच्या काकू हंडा कमरेला घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. बोलायची सोय नाही. माझ्या भाच्याला गुत्तेदारांनीच साइटवर लावलंय.

आणि लाइट गेली.

मोटर घसरत घसरत गप्प झाली. दोन मिनिटं काहीच नाही, नुसते डास. मग खड्ड्यातली तोटी खोकली, थोडी लाल माती थुंकली, आणि बोटाएवढी, मग मनगटाएवढी धार. काळोखात घागरींचा सूर बदलायला लागला, रिकामी घागर वेगळी बोलते आणि गळ्याशी आलेली वेगळी. मोबाइलची बत्ती दातांत धरून मी घागरी भरत होतो आणि ही ओढून नेत होती. साठीतली दोन माणसं, पण त्या तासात वय कुठं जातं काय की.

एवढ्यात वरून बादली आली. पाठोपाठ गुत्तेदार, लुंगी वर खोचलेले. त्यांची तोटी जमिनीच्या वर, मोटरशिवाय थेंब नाही.

"वहिनी, येक बादली मिळंल का? पोरगी आलीय बाळातपणाला."

माझ्या तोंडात बत्ती होती, म्हणून तोंडात आलेलं राहून गेलं. हिनं आमची घागर बाजूला सरकवली आणि त्यांची बादली तोटीखाली धरली. एक नाही, चार भरून दिल्या. पाचवी काकूंच्या दारात गुत्तेदारांनीच नेऊन ठेवली. इतक्यात लाइट आली. सगळी गल्ली त्यांच्याकडं बघायला लागली. ते खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. काकूंचं व्हऊ द्या." (पुढच्या खेपेला मोटर पुन्हा घूंऽ करत होती. पण त्या रात्री बंद होती, एवढं मी लेखी देईन.)

वहीत लिहिलं : १. लाइट गेली. २. गुत्तेदारांची मोटर बंद पडली. ३. कंबर धरली, पण पाणी भरून झाल्यावर.

लेकीनं व्हिडिओ कॉलवर पान दाखवायला लावलं. वाचून म्हणाली, "पप्पा, यात चांगलं काय आहे?" पोरगी याच अंगणात घागरी मोजत वाढलेली, पण पुण्यात सहा वर्षं झाली. मी म्हटलं, "बाई, तुझ्या आईला विचार." आईनं फोन घेतला आणि दोघी लोणच्याच्या मोहरीवर बोलायला लागल्या.

काल दहावा दिवस होता. ही औशाला भाचीच्या लग्नाला गेलेली. वॉलमन साहेबांचा फोन बंद. पाइप फुटलाय अशी एक बातमी, फुटला होता पण जोडलाय अशी दुसरी. पश्चिमेला ढग आले होते, पण आमच्याकडं ढग नुसते हजेरी लावून जातात. मी ड्रमचं झाकण काढून बराच वेळ वाकून बघितलं. वीतभर पाणी, त्यात माझं टक्कल.

मग चप्पल काढली, ड्रमचे कान धरले आणि हळूहळू आडवा केला. पाणी जास्वंदीच्या आळ्यात गेलं. राख घेऊन, नारळाच्या शेंडीनं, आत डोकं घालून ड्रम घासला. आतून आपलाच श्वास मोठा ऐकू येतो.

हात पुसतोय तोवर फोन. मागं हलगी वाजत होती.

"ओतलाव का?"

"ओतला."

"समदा?"

"येक बादली ठेवलीय. असू दे, अडीनडीला."

थोडा वेळ नुसती हलगीच ऐकू आली. मग ही म्हणाली, "तीबी ओता."