पुरुषांनी लैंगिक आरोग्याची पुस्तकं वाचावीत का? वाचावीत, पण कुठली ते बघून

पुरुषांसाठी लिहिलेल्या लैंगिक आरोग्याच्या पुस्तकांचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं की बरेच जण "हो वाचावीत" म्हणून मोकळे होतात, किंवा "असली पुस्तकं म्हणजे फसवणूक" म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या बाबतीत काही बिघडलं की पुरुष सगळ्यात आधी गप्प बसतो. बायकोशी बोलत नाही, डॉक्टरकडे जात नाही, आणि मित्रांमध्ये बोलणं होतं ते सगळं फुशारकीचं, तिथे कोण कबूल करणार. मग रात्री एकटाच काहीतरी शोधून वाचत बसतो. म्हणजे त्याच्यापर्यंत पोचणारा पहिला सल्ला हा छापलेला नाहीतर स्क्रीनवरचा असतो, आणि तो चुकीचा निघाला तर त्याला थांबवणारं आसपास कुणीच नसतं. म्हणून या पुस्तकांवर जबाबदारी फार मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

चुकीचं पुस्तक किती नुकसान करू शकतं बघा. सॅम्युएल ऑगस्ट तिसो नावाच्या एका स्विस डॉक्टरचं हस्तमैथुनावरचं पुस्तक 1760 साली फ्रेंचमध्ये आलं. वीर्य जाणं हे रक्त जाण्यापेक्षा कितीतरी पटीनं घातक, त्यानं शरीर खंगतं, नजर अधू होते, डोकं बिघडतं, असं त्याचं म्हणणं. लिहिणारा नावाजलेला डॉक्टर, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला आणि युरोपभर भाषांतरं झाली. अडीचशे वर्षं उलटून गेली, विज्ञानाला त्यात काही तथ्य सापडलं नाही, वीर्य शरीरात सतत तयार होत राहतं आणि हस्तमैथुनानं कुणी अशक्त होत नाही हे डॉक्टर सांगून दमले, तरी आजही पंधरा-सोळा वर्षांची पोरं नेमकी तीच भीती उराशी घेऊन फिरतात. ही भीती काढून टाकणारं एक साधं प्रकरण जरी पुस्तकात असेल ना, तरी ते पुस्तक छापल्याचं सार्थक झालं.

दुसरी भीती लिंगाच्या मापाची आणि संभोगाच्या वेळेची. इथे आकडे कामाला येतात, आणि चांगलं पुस्तक ते सरळ देतं. 2015 साली वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पंधरा हजारांहून जास्त पुरुषांची मापं मांडली गेली, तीही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी घेतलेली, कुणी स्वतःची सांगितलेली नाहीत. ताठर अवस्थेत सरासरी लांबी आली सुमारे 13 सेंटिमीटर. वेळेचं म्हणाल तर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून संभोगाचा वेळ नोंदवला, मध्यक 5.4 मिनिटं. म्हणजे निम्म्या पुरुषांचा वेळ त्याहूनही कमी. पॉर्न बघून अर्धा तास हीच नॉर्मल गोष्ट समजणाऱ्या माणसाला हे वाचून केवढा दिलासा मिळत असेल विचार करा.

पण मला विचाराल तर पुस्तकाची खरी परीक्षा ताठरतेच्या प्रकरणात होते. पुस्तक हातात घेतलं की मी आधी तेच प्रकरण उघडतो आणि बघतो, हृदयाचा उल्लेख आहे का. लिंगातल्या रक्तवाहिन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 च्या. आतून चरबी साचायला लागली की त्रास आधी बारीक नळीत जाणवणार. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची ताठरता हळूहळू कमी होत गेली तर तो हृदयविकाराचा काही वर्षं आधी मिळालेला इशारा असू शकतो. शुगर, बीपी, सिगारेट, डिप्रेशनच्या काही गोळ्या, ही सगळी कारणं त्यात येतात. हे ज्या पुस्तकात नाही आणि नुसती "शक्ती वाढवायचे उपाय" आहेत ते पुस्तक ठेवून द्या, कारण ते वाचून माणूस उपाय करत बसतो आणि तपासणी राहून जाते.

गोळ्यांचंही तसंच. ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल (व्हायग्रा) या गोळीला अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली, औषध चांगलं आहे, लाखो लोकांना फायदा झालाय. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ते घेतलं तर बीपी एकदम खाली येऊन जीवावर बेतू शकतं. हा इशारा ठळक अक्षरात पाहिजे, तळटीपेत नाही.

पुस्तक काय करू शकत नाही तेही सांगतो. दहा प्रश्नांची उत्तरं देऊन तुमचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी आहे की नाही हे कळत नाही, त्याला सकाळी रक्त तपासावं लागतं. सकाळी किंवा झोपेत ताठरता येते पण जोडीदारासोबत येत नाही, असं असेल तर कारण बहुतेकदा मनातलं असतं. एवढा अंदाज पुस्तकावरून येतो, पुढचं काम डॉक्टरचं किंवा सेक्स थेरपिस्टचं. आणि मास्टर्स-जॉन्सन या अमेरिकन लैंगिक संशोधकांच्या जोडीनं रुजवलेले स्पर्शाचे व्यायाम, ज्यात सुरुवातीला संभोग करायचाच नाही असं ठरवून दोघांनी फक्त स्पर्शावर लक्ष द्यायचं, ते एकट्यानं वाचून काय होणार, ते प्रकरण जोडीदारासोबतच वाचावं लागतं. तिथे पुस्तकाचा आणखी एक मोठा फायदा होतो, जे तोंडानं बोलवत नाही ते पानावर बोट ठेवून दाखवता येतं.

शेवटी मुलांबद्दल, कारण हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. वयात येणाऱ्या मुलाला असं पुस्तक द्या, आधी स्वतः पूर्ण वाचा आणि मग द्या, आणि त्यात वृषणाला पीळ पडण्याबद्दल लिहिलंय का ते तपासा. हा त्रास मोठ्यांपेक्षा या वयातल्या मुलांमध्ये जास्त दिसतो, अचानक भयंकर दुखतं, उलटीसारखं होतं, आणि साधारण 6 तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती भराभर कमी होते. मुलगा मात्र लाजेपायी पोटात दुखतंय म्हणून सांगतो, नाहीतर सकाळपर्यंत सहन करतो. त्याला आधीच सांगून ठेवा की तिथे दुखलं तर रात्री कितीही वाजता उठवायचं, आणि त्यानं उठवलं की लगेच हॉस्पिटल गाठा.