करार? तो विमानात वाचू

परदेशातल्या शाळेकडून शिक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र ईमेलवर आलं की पहिलं काम म्हणजे इथल्या नोकरीचा राजीनामा. व्हिसा अजून लागायचा आहे, कागदपत्रांवर शिक्के बसायचे आहेत, तिकडची सही असलेला करार हातात पडायचा आहे, सगळं मान्य. पण तेवढं थांबलात तर स्टाफरूममधले पडलेले चेहरे कधी बघणार? राजीनामा आजच द्या. जाता जाता मुख्याध्यापकांना दोन खरे शब्दही सुनवा, त्यांच्याकडे पुन्हा कधी काम पडणारच नाही अशा थाटात. (काम पुढच्याच आठवड्यात पडतं. अनुभवाचा दाखला लागतो. लेटरहेडवर, तारखांसकट, त्यांच्याच सहीचा.)

मग करार. आयुष्यभर आपण वर्गात ओरडून सांगत आलो की प्रश्न दोनदा वाचा, मगच लिहायला घ्या. तो नियम मुलांसाठी होता. तुम्ही थेट पगाराच्या आकड्यावर जा, तो आपल्या चलनात गुणा आणि सही ठोका. गुणाकारात तिथलं घरभाडं, कर, विमा आणू नका, उत्तर उगाच बारकं येतं. ‘निवासाची सोय’ म्हणजे घर, खोली की दुसऱ्या शिक्षकाबरोबर वाटून घेतलेली खोली? ‘विमानभाडे शाळेकडून’ म्हणजे आधी तिकीट, की वर्ष पूर्ण भरल्यावर परतफेड? आठवड्याचे तास लिहिलेत ते शिकवण्याचे, की शाळेत हजर राहण्याचे? असल्या शंका काढणाऱ्याला लोक कद्रू समजतात. तुम्ही दिलदार राहा.

करारातली माझी सर्वांत आवडती ओळ म्हणजे ‘वेळोवेळी सोपवण्यात येतील ती इतर कामे’. काय तिची ऐसपैस मांडणी! बसवरची ड्युटी, गैरहजर शिक्षकाचा तास, सुट्टीच्या दिवशीचा प्रवेशमेळावा आणि माहितीपत्रकाच्या फोटोत हसत उभं राहणं, सगळं त्या एका ओळीत मावतं. मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम भरायची हे कलम अगदी शेवटी असतं, तिथवर कोण जातं? आणि करार दोन भाषांत असून ‘वाद उद्भवल्यास स्थानिक भाषेतील मजकूर ग्राह्य’ असं लिहिलं असेल तर खूशच व्हा. वाचायचं अर्धं काम वाचलं. नेमकं कामाचं अर्धं, पण असो.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र घाई करा, आणि चुकीच्या क्रमाने करा. पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला सर्वांत आधी काढा. बऱ्याच ठिकाणी तो तीन किंवा सहा महिन्यांच्या आतला लागतो; तुमची फाइल हलेपर्यंत तो शिळा होईल आणि तुम्हाला तो पुन्हा काढण्याचा मान मिळेल. पदवी प्रमाणपत्राला आजच लॅमिनेशन करून आणा. छान चकचकीत दिसतं. त्या प्लास्टिकवर शिक्का बसत नाही म्हणून अनेक कार्यालयं ते परत करतात, तो त्यांचा प्रश्न. पदवीवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरंच असेल तर काहीही दुरुस्त करू नका. एकाच अर्जात तीन उमेदवार दिसले की तिकडे छाप पडते.

राहता राहिलं अपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारामुळे सदस्य देशांत एकमेकांचे सरकारी दाखले या एका प्रमाणपत्रावर चालतात. चीनमध्ये हे ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालं, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. जो देश करारात नाही, त्याच्यासाठी आधी आपल्या सरकारचा आणि मग त्यांच्या वकिलातीचा, असे एकावर एक शिक्के चढवावे लागतात. आपण निघालोय तो देश कुठल्या गटात बसतो हे तपासणं दहा मिनिटांचं काम आहे, म्हणूनच ते करू नका. ओळखीचं कुणीतरी फार वर्षांपूर्वी तिकडे गेलं होतं, त्यांना विचारा. तेही अगदी ठासून सांगतील. गंमत म्हणजे एवढं करून तो अपोस्टिलचा कागद सही, पद आणि शिक्का अस्सल आहे इतकंच म्हणतो. आतला मजकूर खरा की खोटा, यावर तो चकार शब्द काढत नाही. शाळेच्या माहितीपत्रकालाही हीच सवलत मिळालेली दिसते.

पात्रतेचं ओझं घेऊ नका. इंग्रजी शिकवायला बऱ्याच जाहिराती १२० तासांचा कोर्स मागतात, आणि तो शनिवार-रविवारात उरकून देणारे ऑनलाइन दयावंत भेटतात. दोन दिवसांत तास किती, हा हिशोब निदान गणिताच्या शिक्षकांनी करू नये. सेल्टासारख्या, इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे ६ तास शिकवून दाखवावं लागतं आणि मागे परीक्षक बसतो. कशाला हवाय हा अपमान? शिवाय पुष्कळदा तुमची भाषा ऐकण्याआधी तुमचा पासपोर्ट बघतात. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजीच्या शिक्षकांसाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं व्याकरण कितीही चोख असो, जन्म घेताना तुम्ही पुरेशी काळजी घेतलेली नाही.

एजंट म्हणेल, ‘सध्या पर्यटक व्हिसावर या, बाकी इथे आल्यावर बघू.’ विश्वास ठेवा. चीनसारखे देश कामाचा झेड व्हिसा आधीच घ्या, आल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करा, असं म्हणतात. त्यांना एजंटाइतका अनुभव कुठला? उद्या हद्दपारी झालीच, तर ती तुमच्या नावे होईल, एजंटाच्या नव्हे, एवढा शिष्टाचार तिकडेही पाळतात. पोचल्यावर शाळा ‘सुरक्षिततेसाठी’ पासपोर्ट मागेल, तोही देऊन टाका. हवा तेव्हा परत मागता येतो. मिळतो असं मी म्हटलेलं नाही.

सामानाचं फार सांगत नाही. तेवीस किलोंत वीस किलो पुस्तकं न्या, उरलेल्यात कपडे. औषधं मात्र न विचारता भरा. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असलेलं साधं सर्दीचं औषध जपानमध्ये नेता येत नाही, पण सर्दी कुठे देश बघून होते?

पैशांचं आधी ठरवू नका. पहिला पगार महिना भरल्यावर, कधी बँक खातं उघडल्यावर येतो, आणि घराची अनामत पहिल्याच आठवड्यात जाते. मधल्या काळासाठी उत्साह पुरतो.

शैक्षणिक वर्ष कधी सुरू होतं, याचीही चौकशी नको. जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होतं, कोरियात मार्चला, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस. तुम्ही सत्राच्या मधोमध जाऊन थडकलात तर तयार वर्ग, अर्धवट पोर्शन आणि आदल्या शिक्षकांनी तपासायच्या ठेवलेल्या वह्या आयत्या मिळतात.

तो आदला शिक्षक वर्षाच्या मध्येच का गेला, हे मुलाखतीत विचारू नका. ‘तुम्हाला काही प्रश्न आहेत?’ असं पलीकडून आलं की हसून ‘नाही’ म्हणायचं. त्या शिक्षकाचा नंबर शोधून काढायला काही कष्ट नसतात, पण फोन अजिबात लावू नका. त्याला आता तिथे नोकरी करायची नाही, त्यामुळे तो खरं सांगून बसेल.